आजी काय करायची? १९व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालेल्या मुलीचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलीचं नाव मुक्ता नाही. गाव द्राक्षपट्ट्यातलं आहे, पण सांगलीकडचं, सोलापूरकडचं की नाशिककडचं ते सांगत नाही. तालुक्याच्या गावात मोटर रिवायंडिंगची दुकानं मोजकी असतात, माणूस लगेच ओळखू येतो. काही तपशील बदलले आहेत. मजकूर मुक्ताने स्वतः वाचला आणि एक परिच्छेद काढायला सांगितला, तो काढला आहे. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती आहे. ऑगस्ट २०२३ पासून हे कुटुंब माझ्याकडे येतं.

पार्श्वभूमी

मुक्ता वेळेवर बोलायला लागली आणि चौथ्या वर्षी पेपरातले मथळे वाचायला लागली, त्यामुळे घरात कौतुकच होतं. वडिलांचं रिवायंडिंगचं दुकान, आई अंगणवाडी सेविका, पाच वर्षांनी धाकटा भाऊ आणि वडिलांची आई, असं घर. गावात सगळे बोलतात तसं ती बोलायची नाही, छापल्यासारखं बोलायची. 'मला हे योग्य वाटत नाही' असं सहा वर्षांची पोरगी म्हणाली की लोक हसणारच. शाळेत तिचं नाव पडलं 'बातम्या'. 'ए बातम्या, काल काय झालं सांग की,' असं कोणी म्हटलं की ती खरंच सांगायची, क्रमाने, काही न गाळता. पोरं का हसतात ते तिला कळायचं नाही.

कुकरची शिट्टी झाली की ती परसात पळायची. वरातीचा बँड लांबून ऐकू आला तरी कान दाबून माजघरात. भाजीचा रस पोळीला लागलेला चालायचा नाही. पण मार्क चांगले होते, कोणाला त्रास नव्हता, उलटून बोलणं नव्हतं. असा मुलगा असता तर 'मित्र का नाहीत, बाहेर का जात नाही' असं कोणीतरी विचारलं असतं. गप्प मुलीला आपल्याकडे गुणी म्हणतात. वर ती हुशार, तिने इतर मुलींकडे बघून पाठांतर केलं होतं. समोरचा हसला की हसायचं, डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघायचं, 'मग काय, मजा ना?' असं विचारलं की 'हो ना' म्हणायचं. हे सगळं तिने मला नंतर लिहून दिलं, क्रमांक घालून. मुलींचं निदान उशिरा होतं त्याचं हे एक मोठं कारण: सोंग चांगलं वठलं की आतला शीण बाहेरून दिसत नाही.

२०२२ मध्ये बारावी शास्त्र चांगल्या मार्कांनी झाली. जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि वसतिगृहात जागाही. खोलीत चौघी. सप्टेंबरमध्ये आजी वारली. मुक्ता दहाव्यापर्यंत घरी राहिली आणि परत गेली. रडली नाही म्हणून नातेवाइकांत कुजबुज झाली.

पहिल्या सत्राची परीक्षा ती पास झाली. दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळेतला जोडीदार बदलला, मेसचा ठेकेदार बदलला, खोलीतल्या एका मुलीने रात्री फोनवर बोलायला सुरुवात केली. मुक्ता मेसमध्ये जाईनाशी झाली. केळी आणि ग्लुकोजची बिस्किटं यांवर महिनाभर काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन दिवस तिने तोंडातून एक शब्द काढला नाही, कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रेक्टरबाईंनी घरी फोन केला. वडील गाडी घेऊन गेले तेव्हा तिचं वजन ९ किलोंनी उतरलं होतं.

पुढचे पाच महिने नेहमीच्या वाटेने गेले. मावशीच्या आग्रहाखातर एक देवऋषी झाला. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप सुधारली, ती बोलायलाही लागली, पण कॉलेजचं नाव काढलं की पुन्हा मिटायची. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी तासभर फक्त लहानपणाचं विचारलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. जुलैमध्ये कागदावर आलं: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, जोडीला चिंता आणि नैराश्य.

आईचं पहिलं वाक्य मला आजही आठवतं. 'मॅडम, मी गावातली पोरं तपासते. वजन, उंची, कोण मागं पडलंय. माझंच पोर मला दिसलं नाही.'

एका शब्दाबद्दल बोलायला हवं. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. वडिलांनी तो शब्द कुठेतरी वाचला आणि त्यांना वाटलं, पोरगी स्वतःतच मग्न आहे, आपण तिला बाहेर ओढायचं. प्रत्यक्षात मुक्ताच्या बाहेरचं सगळं फार अंगावर येतं: ट्यूबची फडफड, शेजारणीच्या तेलाचा वास, चार जणींची चार बोलणी, आणि यातलं काहीच गाळता येत नाही. मग्नतेपेक्षा मारा म्हणणं बरोबर. या घरात मी तो शब्द वापरणं सोडलं.

अडचण

निदानाचा कागद मिळाला आणि फाइल बंद झाली. 'तीन महिन्यांनी दाखवा' एवढाच शेरा. वडिलांनी चार ठिकाणी फोन केले. एका केंद्राने सांगितलं की आम्ही १२ वर्षांपर्यंतचीच मुलं घेतो. दुसरीकडे स्पीच थेरपी होती, पण मुक्ताचं व्याकरण थेरपिस्टपेक्षा बरं. विशेष शाळेचा प्रश्नच नव्हता. लहान मुलासाठी काय करायचं याची वाट आपल्याकडे थोडीफार मळलेली आहे. १९ वर्षांच्या, बी.एस्सी. करणाऱ्या मुलीसाठी ती जिल्ह्याच्या ठिकाणीही नव्हती.

आई-वडील माझ्याकडे तीन प्रश्न घेऊन आले. बरी कधी होईल? लग्नाचं काय? आणि आमच्या मागं हिला कोण बघणार? पहिल्याचं उत्तर मी सरळ दिलं: हा ताप नाही, उतरणार नाही, चिंता आणि नैराश्य यांवर मात्र उपचार आहेत आणि ते चालू ठेवायचे. दुसऱ्या-तिसऱ्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या.

त्या तिन्ही बैठकांत मुक्ता बाहेरच्या बाकावर बसून होती. हे लिहायला बरं वाटत नाही. मीच आईला म्हणाले होते, 'आधी आपण मोठे बोलून घेऊ.' ती १९ वर्षांची होती, मतदार यादीत नाव होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय घरात आधीच शिजत होता. मामाच्या ओळखीतलं स्थळ होतं, मुलगा शेती बघणारा, मागणी नाही. 'लग्न झालं की पोरी सुधारतात' हे वाक्य मी वर्षातून वीसेक वेळा ऐकते. निदान सांगायचं नाही, असं मामाचं म्हणणं. ओळखीच्या वकिलांनी वडिलांना हिंदू विवाह कायद्यातलं कलम १२ दाखवलं: महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती घेतली तर लग्न रद्द ठरवून मागता येतं. वडील दचकले. माझ्या मते कायद्याची भीती हे दुय्यम कारण. चौघींच्या खोलीत जी कोलमडली, तिला अकरा माणसांच्या परक्या घरात पाठवायचं आणि तिथे कोणाला काही माहीत नाही, हे मुळातच चालणारं नव्हतं. स्थळ नाकारलं गेलं नाही, 'यंदा नको' म्हणून मागे पडलं.

दुसरा पर्याय कायदेशीर पालकत्वाचा. यात मी जवळपास चुकले, म्हणून जरा तपशिलात सांगते. १८ पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने पालक राहत नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम येतो. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. ज्यांची मुलं बोलत नाहीत, ज्यांना सतत आधार लागतो, अशा पालकांच्या गटात वडील गेले होते. तिथे सगळ्यांनी एकच सल्ला दिला: आधी गार्डियनशिप करून टाका. त्यांच्या दृष्टीने तो बरोबरच होता.

वडिलांना घाई होती ती बँकेमुळे. आजीने २ लाखांची ठेव ठेवली होती आणि नॉमिनी म्हणून मुक्ताचं नाव लावलं होतं. दाव्याच्या अर्जावर तिची सही हवी, ओळख पटवायला तिने समोर यायला हवं. ती बँकेत जाईना. काउंटरवरच्या माणसाने सुचवलं, मुलगी येऊ शकत नसेल तर पालकत्वाचा कागद आणा. मी पण मान डोलावली. अर्ज कुठे करायचा, काय जोडायचं याची यादीसुद्धा काढली.

मग माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फाइल बघून एवढंच विचारलं, 'ती बँकेत का जात नाही?' मला उत्तर माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा वेगळ्या बाजूने विचार करतो. कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, तेही त्या व्यक्तीशी बोलून आणि तिच्या इच्छेनुसार. ज्या मुलीला व्याजाचा हिशेब तोंडी येतो, तिचा सगळा आर्थिक अधिकार काढून वडिलांकडे देणं म्हणजे बँकेतला आवाज टाळण्यासाठी तिचं नागरिकत्व कापण्यासारखं होतं.

तिसरा पर्याय मुक्त विद्यापीठाचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी बसून पदवी करायची. आईला हा फार पटला होता. पोरगी डोळ्यांसमोर राहील. पण मुक्ताला रसायनशास्त्रातलं प्रात्यक्षिक हवं होतं, आणि ते घरी होत नाही.

चौथा, पुण्या-मुंबईत जाऊन एखाद्या मोठ्या संस्थेचा कार्यक्रम घ्यायचा. दुकान सोडून कुटुंबाने हलायचं, तेही पुन्हा नव्या शहरात. चर्चा दहा मिनिटांत संपली.

काय केलं

चौथ्या बैठकीला मी मुक्ताला आत बोलावलं आणि आई-वडिलांना बाकावर बसवलं. चाळीस मिनिटांत ती सहा वाक्यं बोलली, त्यातली चार 'हो मॅडम' होती. मला वाटलं, ही बैठकही वाया गेली. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर तिचा मेसेज आला, छापील पानभर मजकूर, एकही चूक नाही. शेवटी लिहिलं होतं: 'आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मला तेव्हा माहीत होती, परंतु शब्द येईपर्यंत आपण पुढचा प्रश्न विचारत होता.'

तिथून पद्धत बदलली. मी प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवते, ती लिहून उत्तर देते, भेटीत आम्ही त्या कागदावर बोट ठेवून बोलतो. पहिला प्रश्न विचारला: वसतिगृहात जायच्या आधी सगळं कसं जमत होतं? उत्तरात आजीच आजी.

मग मी तिला 'आजी काय करायची' अशी यादी लिहायला सांगितलं. बावीस मुद्दे आले. उद्या काय होणार ते आजी रात्री झोपताना सांगायची, आणि बदल असेल तर 'बदल आहे बरं का' असं आधी म्हणून मग बदल सांगायची. पाहुणे येणार असतील तर किती जण, किती वेळ, ते सांगायची. कुकर लावायच्या आधी हाक मारायची. लग्नाला गेलं की अक्षता पडल्या पडल्या हिला घेऊन मागच्या दारी बसायची आणि विचारणाऱ्याला 'माझं डोकं दुखतंय' सांगायची. बाजारात गेल्यावर पैसे मुक्ताच्या हातात द्यायची, बोलणं स्वतः करायची. कोणी टोमणा मारला तर घरी आल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगायची. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने कसलंही नाव न देता हे सगळं १८ वर्षं केलं होतं. घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, तिच्या मुलाच्यासुद्धा नाही.

म्हणजे २०२२च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुक्ताचं घर, खोली, जेवण आणि आजी, असं सगळं एकदम गेलं होतं. आम्ही कोसळण्याचं कारण कॉलेजात शोधत होतो.

ती यादीच आमचा आराखडा झाली. बावीस मुद्द्यांपुढे तीन रकाने काढले: आता हे कोण करेल, मुक्ता स्वतः करू शकेल का, की याची गरजच राहिली नाही. 'उद्या काय' हे ती आता फोनमध्ये स्वतः लिहिते, आई फक्त बदल सांगते. टोमण्यांचा अर्थ सांगायचं काम धाकट्या भावाने घेतलं आणि तो त्यात पटाईत निघाला. मागच्या दारी बसणं राहिलं, फक्त 'डोकं दुखतंय' म्हणायचं नाही असं तिने ठरवलं. तिला खोटं बोलायला जड जातं. ती 'मी दहा मिनिटांनी येते' म्हणते.

कॉलेजची बैठक नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात नव्हतं. प्राचार्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आहे का? सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल मी छापून नेला होता. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराचं ते प्रकरण. ४० टक्क्यांची अट पूर्ण नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. प्राचार्यांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही, पण कागद जाड होता, त्याचा उपयोग झाला. आम्ही मागितलं ते फार नव्हतं: जानेवारीपासून दुसऱ्या सत्राला पुन्हा बसू देणं, प्रात्यक्षिकाला सत्रभर तोच जोडीदार, तोंडी परीक्षेचे प्रश्न कागदावर, लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, आणि खिडकीकडची ठरलेली जागा. शेवटच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. जागा राखून ठेवली तर बाकीचे काय म्हणतील, म्हणून. वसतिगृह सोडलं. घरून एसटीने जायचं, पन्नास मिनिटं.

प्रमाणपत्राची गोष्ट वेगळीच झाली. जिल्हा रुग्णालयात तपासणीचा वार ठरलेला असतो. ऑटिझमसाठी 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत. आदल्या रात्री आई म्हणाली, 'उद्या साहेबांपुढं नीट बोल गं.' मुक्ता सांगितलेलं तंतोतंत करते. नीट बोलली. नमस्कार केला, भुवयांच्या मध्ये बघितलं, दोनदा हसली. दहा मिनिटांत बाहेर. 'ही तर व्यवस्थित आहे, कशाला आणलंत?' वडील मला फोनवर जवळजवळ ओरडलेच.

दुसऱ्या खेपेला सायकॉलॉजिस्टचा सविस्तर अहवाल जोडला, शाळेपासूनची उदाहरणं तारखांसह लिहून दिली, आणि आईला सांगितलं की काही सूचना द्यायच्या नाहीत. मुक्ताला मी लिहिलं: 'तिथे तुला जसं वाटतं तसं बस. डोळ्यांत किंवा भुवयांत बघू नकोस.' मार्च २०२४ मध्ये ५० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड आलं. त्यावर निरामय आरोग्य विम्याचा अर्ज केला, १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात १ टक्का ज्या गटांना आहे, त्यांत ऑटिझम येतो, हे वडिलांना कळलं तेव्हा पहिल्यांदा त्या कागदाबद्दलची त्यांची नाराजी थोडी कमी झाली.

बँकेचं उत्तर साधं निघालं. मुक्ताला टोकनची घंटा सहन होत नव्हती, आणि 'कशासाठी आलात' या प्रश्नाला गर्दीसमोर 'आजी वारली' म्हणावं लागेल याची धास्ती होती. अर्ज घरी भरला. शाखा व्यवस्थापकांना फोन करून सकाळी उघडल्या उघडल्याची वेळ घेतली. तिने कागद पुढे सरकवले, सही केली, बारा मिनिटांत काम झालं. पालकत्वाचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात अजून पडून आहे.

कामाच्या बाबतीत मी आधी ठोकळेबाज विचार केला. ऑटिझम म्हणजे संगणक, म्हणून मे २०२४च्या सुटीत एका ओळखीच्या ऑफिसात डेटा एंट्री लावून दिली. चौथ्या दिवशी ती आली नाही. काम येत होतं, पण डोक्यावर पंखा करकरत होता आणि साहेब पाठीमागून येऊन खांद्यावरून बघायचे. शिवाय, तिने लिहिलं, 'हे काम मला आवडते का, असे कोणी विचारले नव्हते.' तीच चूक मी दुसऱ्यांदा केली होती.

द्राक्षपट्ट्यात माती, पाणी आणि पानांचे देठ तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा असतात. बागाईतदार फुलोऱ्याच्या वेळी देठ आणून देतात, त्यावरून खताचा डोस ठरतो. अशा एका प्रयोगशाळेच्या मालकांची मोटर वडिलांच्या दुकानात येते. हे मुक्तानेच सुचवलं. मालकांना फक्त तिचं काम बघायला सांगितलं, मुलाखत नको म्हटलं. तिने दहा नमुने वजन करून, सामू (पीएच) आणि क्षारता काढून, वहीत मांडून दिले. मालक म्हणाले, 'माझी पोरं शेवटचा आकडा अंदाजानं टाकतात, ही टाकत नाही.' शनिवार-रविवार आणि सुट्यांत काम ठरलं.

काय झालं

मुक्ता आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एक वर्ष वाया गेलं, पुढे विषय राहिला नाही. गोळ्या कमी मात्रेत चालू आहेत. पूर्ण गप्प होण्याचा प्रसंग एकदाच आला, २०२४च्या दिवाळीत, घरी सोळा पाहुणे होते आणि कोणी आकडा आधी सांगितला नव्हता.

एसटीचा एक किस्सा सांगते. दिव्यांग कार्डावर तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. पण मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. मुक्ता अर्धं तिकीट काढते. वडिलांना हे पटत नाही, रोजचे पैसे जातात. तिचा हिशेब असा: कार्ड काढलं की कंडक्टर वरपासून खालपर्यंत बघतो, 'तुला काय झालंय' विचारतो, मागचे ऐकतात. उरलेल्या २५ टक्क्यांत तिने गप्प बसायचा हक्क विकत घेतलाय. आमच्या क्षेत्रात 'कोणाला सांगायचं, कोणाला नाही' यावर लांबलचक कार्यशाळा होतात. तिने तो निर्णय रोज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी तिकिटाच्या दरात घेतला आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका वर्गमैत्रिणीने 'उद्या देते' म्हणत फोनवरून चार महिन्यांत ४,००० रुपये नेले. मुक्ता प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी वाट बघायची. आता रोजच्या खर्चाचं खातं वेगळं आहे, त्यात ५०० पेक्षा जास्त ठेवत नाही, ही मर्यादा तिने स्वतः ठरवली. दुसरं, एका प्राध्यापकांनी चांगल्या मनाने भर वर्गात सांगितलं की मुक्ताला ऑटिझम आहे, सगळ्यांनी सांभाळून घ्या. त्यानंतर महिनाभर मुली तिच्याशी लहान बाळाशी बोलावं तशा बोलत होत्या. माहिती कोणाला, किती आणि कोणी द्यायची हे आम्ही कॉलेजला लेखी दिलंच नव्हतं.

आई अजूनही तिच्या वतीने उत्तर देते. पूर्वी लगेच द्यायची, आता चार-पाच सेकंद थांबते. मुक्ताला साधारण आठ लागतात.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या तीन बैठकांबद्दल वर लिहिलंच आहे. घाई पालकांची असते, पण ती आपण अंगावर घेतो आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस बाकावर राहतो.

'आजीची यादी' मी पहिल्याच महिन्यात काढायला हवी होती. आता नव्या कुटुंबाला आधी हेच विचारते: आजपर्यंत हे मूल कशाच्या, कोणाच्या जोरावर निभावलं? बहुतेक घरांत एक माणूस निघतोच. कधी रिक्षावाले काका, कधी ग्रंथपाल. वसतिगृहात जाताना, लग्न होताना, नोकरी लागताना तोच माणूस मागे राहतो, आणि त्या वेळी मुलाचे मार्क उत्तम असतात म्हणून कोणी तिकडे बघत नाही.

पालकत्वाबाबत माझं मत पक्कं झालं आहे, पण ते सगळ्यांना लावता येणार नाही. ज्याला संवादाचं कुठलंच साधन अजून मिळालेलं नाही, त्याच्या घरचा प्रश्न वेगळा. मात्र अर्ज लिहायला घेण्याआधी कोणत्या एका कामासाठी तो लागतोय ते कागदावर लिहावं आणि ते काम दुसऱ्या कशाने होतं का ते करून बघावं.

भावाचं आमच्याकडून राहून गेलं. तो आता सोळा वर्षांचा आहे. टोमण्यांचे अर्थ सांगता सांगता त्याने मनात ठरवून टाकलंय की आपण गाव सोडून शिकायला जायचं नाही, ताईला कोण बघणार. हे त्याने मला सांगितलं नाही, मुक्ताने लिहून कळवलं, आणि विचारलं की त्याची ही समजूत चुकीची आहे हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावं. त्या दोघांची एकत्र बैठक पुढच्या महिन्यात आहे. प्रश्न दोघांनाही आधी पाठवणार आहे.

लग्नाचा विषय बंद झालेला नाही. मुक्ताचं म्हणणं तिने एका ओळीत दिलंय: 'मला आत्ता माहीत नाही, माहीत झाल्यावर मी सांगेन.' मामा हे उत्तर धरत नाहीत. वडील धरतात, निदान यंदा तरी.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे देठ आता येऊ लागतील. हंगामात प्रयोगशाळेच्या पुढच्या खोलीत बागाईतदारांची रीघ लागते, फोन थांबत नाहीत, नमुन्यांच्या पिशव्यांवरची नावं ओरडून विचारली जातात. गेल्या वर्षी त्या तीन आठवड्यांत मुक्ताने चार दिवस दांडी मारली होती. या वेळी तिने मालकांना आधीच लिहून विचारलंय की हंगामापुरतं तिचं टेबल मागच्या खोलीत, फ्लेम फोटोमीटरच्या शेजारी हलवता येईल का. मालकांचं उत्तर अजून आलेलं नाही.